थर वाळवंटाच्या काट्यांवर श्वाल्बे मॅरेथॉन प्लस : पोकरण ते जैसलमेर

लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासासाठी कोणता टायर घ्यावा, असा प्रश्न निघाला की आपल्याकडे चर्चा बहुधा वजन आणि वेग यांभोवतीच फिरते. पश्चिम राजस्थानात, विशेषतः पोकरण ते जैसलमेर या पट्ट्यात सायकल न्यायची असेल, तर या दोन्हींच्या आधी काट्यांचा विचार करावा लागतो. श्वाल्बे या जर्मन कंपनीचा मॅरेथॉन प्लस हा टायर मी सोलापूर परिसरातल्या रस्त्यांवर बराच काळ वापरत आलो आहे. तेथे तो चांगला चालला, परंतु तेवढ्यावरून कोणाला शिफारस करावी असे मला वाटले नव्हते. जानेवारीत मित्रमंडळींबरोबर सामान लादलेल्या सायकलींवर पोकरणहून जैसलमेरला गेलो, तेव्हा एकाच दिवसात या टायरचे गुणदोष जितके स्पष्ट दिसले तितके एरवी कित्येक महिन्यांत दिसले नसते. हे परीक्षण मुख्यतः त्या दिवसाच्या अनुभवावर बेतलेले आहे. टायर मी स्वतःच्या पैशाने विकत घेतलेले आहेत.

आधी या टायरची रचना सांगतो. रस्त्याला टेकणाऱ्या रबराच्या खाली, ट्यूबच्या वरच्या अंगाला, पाच मिलिमीटर जाडीचा लवचीक रबराचा निळा थर दिलेला आहे. कंपनी त्याला ‘स्मार्टगार्ड’ म्हणते. पुष्कळ टायरांमध्ये काटे अडवण्यासाठी कठीण धाग्यांची पातळ पट्टी घातलेली असते. ती काचेच्या तुकड्यांपुढे टिकते, परंतु सुईसारखे टोक धाग्यांच्या मधून वाट काढते. मॅरेथॉन प्लसचा भर कठीणपणावर नसून जाडीवर आहे. काटा आत शिरला तरी त्याचे टोक ट्यूबपर्यंत पोहोचण्याआधी त्याची लांबी संपावी, एवढाच साधा हिशेब त्यामागे आहे. याच कंपनीच्या साध्या मॅरेथॉनमध्ये असा थर तीन मिलिमीटरचा असतो. हा दोन मिलिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, परंतु थर वाळवंटातला काटा कोणता आणि तो किती लांब, हे समजले की त्याचे महत्त्व पटते.

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या उभ्या राहतात. प्रत्यक्षात पोकरण ते जैसलमेर या सुमारे ११० किलोमीटरच्या वाटेवर तशा टेकड्या जवळजवळ नाहीत. त्यांच्यासाठी जैसलमेरच्याही पुढे समला किंवा खुहडीला जावे लागते. येथे लांबच लांब पसरलेले खडकाळ, मुरमाड माळ आहेत आणि त्यांवर जी काही वनस्पती उगवते तिच्या अंगावर बहुधा काटे असतात. पाणी कमी, चरणारी जनावरे फार, त्यामुळे ज्या झाडाने स्वतःचा बचाव केला तेच टिकले. खेजडी, म्हणजे आपली शमी, येथे जागोजागी आहे आणि तिलाही काटे आहेत. केर, बोराटी आणि कुमट ही झुडपे तर काट्यांचीच. कुमटाचे काटे आकड्यासारखे वाकडे आणि तीन-तीनच्या जुडग्याने येतात. याखेरीज सर्वत्र फोफावलेली विलायती बाभूळ आहे, जिला आपण वेडी बाभूळ म्हणतो. मूळची दक्षिण अमेरिकेच्या बाजूची ही बाभूळ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जोधपूर संस्थानाने वाळू थोपवण्यासाठी आणि सरपणासाठी मुद्दाम पसरवली. तिचे काटे बोटाच्या दोन पेरांइतके लांब होऊ शकतात.

सायकलस्वाराला मात्र सर्वांत जास्त छळतो तो जमिनीलगत पसरणाऱ्या वेलीचा काटा, म्हणजे सराटा. उत्तरेत त्याला गोखरू म्हणतात. सोलापूर-धाराशिवच्या माळरानावर अनवाणी चाललेल्या कोणालाही त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. पावसाळ्यात उगवणारी ही वेल हिवाळ्यापर्यंत वाळून जाते आणि तिच्या फळाचे पाच तुकडे सुटे होऊन रस्त्याच्या कडेला विखुरतात. प्रत्येक तुकड्यावर दोन मोठे आणि दोन लहान काटे असे काही बसवलेले असतात की तो कसाही पडला तरी एखादे टोक वरच राहते. जनावरांच्या खुरांत आणि वाहनांच्या चाकांत रुतून दूर जावे, हीच त्याची बी पसरवण्याची रीत आहे. म्हणजे सायकलच्या टायरमध्ये घुसणे हा त्याच्या दृष्टीने अपघात नव्हे. प्रवासाला सर्वांत सोयीचा डिसेंबर-जानेवारीचा काळ आणि वाळलेल्या सराट्यांचा काळ नेमका एकच असल्यामुळे थरमध्ये सायकल नेणाऱ्याला यातून सुटका नाही.

आम्ही पाच जण होतो. दोघांच्या सायकलींना मॅरेथॉन प्लस होते. एका मित्राने ट्यूबलेस टायर बसवून त्यांत सीलंट, म्हणजे छिद्र आपोआप बुजवणारा द्रव, भरले होते आणि उरलेल्या दोघांकडे हायब्रिड सायकलींबरोबर दुकानातूनच आलेले साधे टायर होते. त्यांच्या कंपन्यांची नावे येथे घेण्याचे कारण नाही, कारण ते टायर वाईट नव्हते. शहरातून कार्यालयात जाण्यासाठी आणि रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येण्यासाठी ते केले होते आणि त्या कामासाठी ते पुरेसे होते. मुद्दाम ठरवून नव्हे, परंतु या योगायोगामुळे तीन प्रकारच्या टायरांची तुलना एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी आणि साधारण सारख्याच ओझ्याखाली करता आली. प्रत्येकाच्या मागच्या कॅरिअरवर दोन पिशव्या होत्या आणि पाणी धरून दहा-बारा किलोंचे सामान सहज होते.

या भागात सूर्य उशिरा उगवतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरून ठरते, तर जैसलमेर ७१ अंशांच्या आसपास आहे, म्हणून जानेवारीत साडेसात वाजून गेल्यावर कोठे सूर्यबिंब दिसते आणि संध्याकाळी सहा-सव्वासहाला ते मावळते. जेमतेम साडेदहा तासांचा उजेड मिळतो. आम्ही पोकरणमधून अंधारातच निघालो. थंडी एवढी होती की हातमोजे घालूनही ब्रेकच्या दांड्या गार लागत होत्या. मॅरेथॉन प्लसच्या साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, सभोवार एक प्रकाश परावर्तित करणारी पट्टी आहे. बाजूने दिव्यांचा उजेड पडला की ती दोन वर्तुळे लखलखीत उजळत. त्यामुळे बाजूने येणाऱ्या वाहनाला ही सायकल आहे हे तत्काळ कळते. टायर निवडताना या पट्टीकडे कोणी फारसे लक्ष देत नाही, पण राष्ट्रीय महामार्गावर पहाटे सायकल चालवणाऱ्याने ते अवश्य द्यावे.

पोकरण ते खेतोलाई हा टप्पा महामार्गाचा आहे आणि डांबर उत्तम आहे. १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांमुळे पोकरणचे नाव जगभर गेले, परंतु चाचणीच्या जागेला सर्वांत जवळचे गाव म्हणून खेतोलाईचे नाव घेतले जाते. लष्कराचा परिसर जवळ असल्यामुळे रस्ता सोडून कोठेही आत शिरू नये, हे येथे कटाक्षाने पाळावे लागते. या टप्प्यावर काट्यांचा त्रास कमी होता, तारांचा मात्र होता. ट्रकचे टायर फुटले की त्यांतल्या पोलादी तारांचे केसासारखे बारीक तुकडे रस्त्याच्या कडेला साचतात आणि सायकलस्वार नेमका तेथूनच जातो. साध्या टायरच्या एका सायकलीचे मागचे चाक खेतोलाईच्या अलीकडेच बसले. ट्यूब बदलली, हवा भरली आणि दहा मिनिटांच्या आत तेच चाक पुन्हा खाली गेले, कारण तारेचा तुकडा टायरच्या आत तसाच राहिला होता. तो बोटाला लागत नव्हता. शेवटी टायर पूर्ण काढून, आतून उलटा वाकवून, उन्हाकडे धरून पाहावा लागला तेव्हा एक बारीक चकाकी दिसली. चिमट्याने ओढून काढलेला तो तुकडा नखापेक्षा लहान होता.

टायरचे मोल कसे मोजावे, हा प्रश्न येथे येतो आणि या परीक्षणात मला जे सांगायचे आहे ते हेच आहे. एकट्याने फिरणाऱ्याचे पंक्चर हा त्याचा स्वतःचा प्रश्न असतो. मित्रांबरोबर जाताना एकाचे चाक बसले की पाचही जण थांबतात. सामान उतरवणे, चाक काढणे, काटा शोधणे, ट्यूब बदलणे, छोट्या पंपाने हवा भरणे आणि सामान पुन्हा बांधणे यांत वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात. साडेदहा तासांच्या उजेडात अशी चार-पाच पंक्चरे झाली, तर जवळजवळ दोन तास गेले, म्हणजे ताशी अठरा किलोमीटरच्या चालीने पस्तीस किलोमीटर गेले. शिवाय थांबलेले शरीर थंड पडते आणि ज्याचे चाक बसले त्याच्या मनात आपल्यामुळे सगळे खोळंबले ही बोच राहते. त्यानंतर तो घाईने चालवतो आणि कडेचे काटे त्याच्या नजरेतून सुटतात. जड टायरमुळे दिवसभरात जी काही मिनिटे अधिक लागतात, ती या खोळंब्याच्या तुलनेत नगण्य आहेत. म्हणून गटाने प्रवास करणाऱ्यांनी टायरची निवड एकेकट्याने करू नये, सर्वांनी मिळून करावी असे माझे ठाम मत झाले आहे. पाचांपैकी दोघांचे टायर भक्कम असल्याचा लाभ त्या दोघांनाही पुरता मिळत नाही.

धोलिया आणि लाठी या गावांच्या पट्ट्यात आम्ही महामार्ग सोडून भादरियाकडे वळलो. भादरिया राय मातेचे मंदिर, तेथील गोशाळा आणि जमिनीखाली बांधलेले विस्तीर्ण ग्रंथालय यांसाठी हे ठिकाण प्रसिद्ध आहे. सायकलस्वाराने मात्र येथे यावे ते ओरणासाठी. ओरण म्हणजे देवीच्या नावाने राखलेले रान, आपल्याकडच्या देवराईसारखे, जेथे झाडाला कुऱ्हाड लावत नाहीत. घनदाट अरण्य येथे दिसत नाही. केर, बोराटी, पिलू आणि खेजडी अंतराअंतराने उभी असतात आणि त्यांच्यामधून गाई-शेळ्यांचे कळप फिरतात. माळढोक, ज्याला तिकडे गोडावण म्हणतात, अजून ज्या थोड्या जागांत तग धरून आहे त्यांत पोकरण-लाठीचा हा माळ मोडतो. नान्नजच्या अभयारण्याजवळ वाढलेल्या आम्हा सोलापूरकरांना त्या माळावर उभे राहताना काय वाटले, ते वेगळे लिहिण्याची गरज नाही. पक्षी आम्हाला दिसला नाही. वरून गेलेल्या विजेच्या तारा मात्र पुष्कळ दिसल्या आणि याच तारांना धडकून माळढोक मरतात हे माहीत असल्यामुळे त्यांच्याकडे पाहवत नव्हते.

भादरियाच्या रस्त्यावर आणि विशेषतः रस्त्याच्या कडेला टायरची खरी कसोटी लागली. येथे शेतांना काटेरी झुडपे तोडून त्यांचे कुंपण घालतात. जनावरांचे धक्के आणि वारा यांमुळे त्यातल्या फांद्या सुटून वाटेवर येतात. समोरून गाडी आली की अरुंद डांबर सोडून कडेच्या मुरमात उतरावे लागते आणि तेथे सराट्यांचा अक्षरशः सडा असतो. अशाच एका ठिकाणी थांबून मी चाके तपासली. पुढच्या टायरवर सराट्याचे कितीतरी तुकडे रुतलेले होते, काहींचा वरचा भाग घासून सपाट झाला होता. चिमट्याने एकेक काढताना टोक हलके ताणून बाहेर येत होते, रबर मागे मिटत होते आणि कोठूनही हवा गेल्याचा आवाज येत नव्हता. सराट्याचा काटा सुमारे पाच-सहा मिलिमीटर लांब असतो. वरचे रबर आणि त्याखालचा निळा थर मिळून त्याला पुरून उरतात. तीन मिलिमीटरचा थर असता आणि वरचे रबर थोडे झिजलेले असते, तर यांतले काही काटे ट्यूबला नक्कीच लागले असते. त्या वळणावर साध्या टायरच्या दोन्ही सायकली थांबल्या आणि त्यांतल्या एकीची दोन्ही चाके एकाच वेळी बसली होती. माझ्या आणि दुसऱ्या मॅरेथॉन प्लसवाल्या मित्राच्या चाकांत सकाळी भरलेली हवा तशीच होती आणि जैसलमेरपर्यंत तशीच राहिली.

या यशामुळे टायरच्या मर्यादा झाकू नयेत. संरक्षक थर फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली आहे. साइडवॉल चांगली असली तरी तेथे तो थर नाही. विलायती बाभळीची फांदी चाकाखाली आडवी आली आणि तिचा काटा बाजूने शिरला, तर पंक्चर होणारच. तसेच दीड-दोन इंचांचा ताठ काटा सरळ उभा घुसला तर पाच मिलिमीटर त्याला अडवणार नाहीत. म्हणून ज्या फांद्या दिसतात त्या टाळाव्याच लागतात. हा टायर न दिसणाऱ्या लहान काट्यांसाठी आहे.

ट्यूबलेस टायरवाल्या मित्राचा दिवसही निर्वेध गेला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याच्या टायरवर सीलंटचे पांढरे ठिपके ठिकठिकाणी दिसत होते, म्हणजे काटे आत गेले होते आणि छिद्रे आपोआप बुजली होती. शिवाय त्याची सायकल आमच्याहून हलकी पळत होती. तरीही थरसाठी मी ट्यूबलेसची शिफारस सहज करणार नाही. कोरड्या हवेत सीलंट लवकर सुकते, ते वेळोवेळी घालावे लागते आणि लांबच्या प्रवासात त्याची बाटली जवळ बाळगावी लागते. टायरला मोठी चीर गेली आणि कड रिमवरून सुटली, तर छोट्या पंपाने ती पुन्हा बसवणे बहुधा अशक्य असते. लाठी किंवा चांधण येथल्या पंक्चरच्या दुकानात मोटारसायकल आणि ट्रॅक्टरची कामे उत्तम होतात, सायकलची ट्यूबही कोणी हसतमुखाने ठिगळ लावून देईल, परंतु ट्यूबलेस सायकलचे साहित्य तेथे मिळेल अशी अपेक्षा धरू नये. जेथे दुरुस्तीची सोय विरळ आहे तेथे कोणत्याही दुकानदाराला परिचित असलेली रचना बरी. शनिवार-रविवारच्या फेऱ्यांसाठी ट्यूबलेस घ्यावे. अनोळखी मुलखातल्या पंधरवड्यासाठी जाड टायर आणि ट्यूब हीच जोडी मला अधिक भरवशाची वाटते.

लाठीपासून पुढे रस्ता पुन्हा महामार्गाचा लागतो. लाठी आणि चांधणचा हा पट्टा थरमध्ये वेगळा आहे, कारण येथे जमिनीखालच्या वालुकाश्मात गोड्या पाण्याचा मोठा साठा आहे. भूवैज्ञानिकांनी या खडकाला लाठीचेच नाव दिले आहे. त्या कोरड्या मुलखात कूपनलिकांवरची हिरवी शेते एकाएकी दिसू लागतात. आम्ही बाटल्या येथेच भरून घेतल्या. बाजरीची भाकरी, कढी आणि केर-सांगरीची भाजी एवढे दुपारचे जेवण एका ढाब्यावर झाले. सांगरी म्हणजे खेजडीची शेंग. सकाळपासून ज्या झाडांच्या काट्यांना चुकवत होतो, त्यांचीच शेंग आणि फळे ताटात होती, आणि ती फार चवदार होती.

दुपारनंतरच्या सरळ रस्त्यावर या टायरचा दोष जाणवू लागतो. ७०० गुणिले ३५ या मापात एका टायरचे वजन सुमारे ९०० ग्रॅम भरते. त्याच मापाचा साधा टायर पाचशे-सहाशे ग्रॅमचा असतो. दोन्ही चाके मिळून सहाशे ते आठशे ग्रॅमचा फरक पडतो आणि तो फिरत्या भागावर असल्यामुळे थांबून निघताना कळतो. त्याहून अधिक फरक पडतो तो टायरच्या ताठपणाचा. जाड थर वाकायला अधिक जोर घेतो, म्हणून पायडल मारणे थांबवले की सायकल इतरांच्या आधी मंदावते. हिवाळ्यात तिकडे वारा बहुधा ईशान्येकडून वाहतो आणि आम्ही पश्चिमेकडे जात असल्यामुळे तो पाठीशी होता, तरीही ट्यूबलेसवाला मित्र बिनकष्टाने पुढे निघून जायचा. खडबडीत डांबरावर हातांना बसणारे हादरेही या टायरमुळे कमी होत नाहीत. हवेचा दाब मी साठ पीएसआयच्या आसपास ठेवतो, सामान जास्त असेल तर मागच्या चाकात थोडा वाढवतो. कंपनीने साइडवॉलवर छापलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकापर्यंत हवा भरली तर टायर वेगाने पळतो, मात्र संध्याकाळी मनगटे दुखतात. ज्यांना ब्रेव्हेमध्ये, म्हणजे वेळेची मर्यादा असलेल्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीत, ठरलेल्या वेळेत दोनशे-तीनशे किलोमीटर पुरे करायचे असतात त्यांना हा टायर आवडणार नाही, आणि त्यांनी तो घेऊही नये.

दुसरी अडचण टायर बसवण्याची. ताठपणामुळे त्याची कड रिमवर चढवणे कष्टाचे असते आणि थंडीत तर ते अधिकच जड जाते. पंक्चर क्वचितच होते ही गोष्ट खरी, परंतु ज्या दिवशी होईल त्या दिवशी हे काम रस्त्यावर करावे लागणार, म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वी घरी किमान एकदा तरी दोन्ही टायर स्वतःच्या हातांनी काढून बसवून पाहावेत. कड चढवायला व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी शेवट करावा. आधी चढवलेला भाग रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरला की शेवटच्या टोकाला ढिलाई मिळते. ती दाबलेली कड पुन्हा वर येऊ नये म्हणून सामान बांधायचे पट्टे रिमभोवती आवळले तर एकट्यालाही जमते. लोखंडी पान्याने रेटू नये, कारण ट्यूब त्यातच फाटते. प्लॅस्टिकचे दोन मजबूत लिव्हर पुरतात. टायर नवा असताना तो फार ताठ असतो, काही आठवडे वापरल्यावर कड थोडी नरम येते. म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशी नवा टायर चढवण्यापेक्षा महिनाभर आधी चढवलेला बरा.

टायर कितीही चांगला असला तरी त्यावर भिस्त टाकून तपासणी सोडू नये. रुतलेला सराटा तसाच राहिला तर चाकाच्या प्रत्येक फेरीबरोबर तो थोडा थोडा आत ढकलला जातो आणि अखेर थर पार करतो. दर थांब्यावर चाक हळू फिरवून पाहणे आणि दिसलेला काटा चिमट्याने काढणे याला दोन मिनिटेही लागत नाहीत. भुवया कोरण्याचा टोकदार चिमटा या कामाला सर्वांत उपयोगी पडतो आणि तो कोणत्याही गावच्या बाजारात मिळतो.

पवनचक्क्यांची रांग दिसू लागली की जैसलमेर जवळ आले असे समजावे. सोनार किल्ल्याचा पिवळा दगड मावळतीच्या उन्हात लांबून ओळखू येतो. आम्ही उजेड असतानाच पोहोचलो, परंतु भादरियात जितका वेळ काढायचा ठरवला होता तितका पंक्चरांमुळे मिळाला नाही आणि जमिनीखालचे ते ग्रंथालय घाईघाईने पाहावे लागले. याची रुखरुख अजून आहे. साध्या टायरांच्या दोन्ही मित्रांनी परत आल्यावर मॅरेथॉन प्लस मागवले.

किंमत हा शेवटचा मुद्दा आहे. टायर आयात होऊन येतो, त्यामुळे तो आपल्याकडच्या साध्या टायरच्या कितीतरी पट महाग पडतो आणि प्रत्येक शहरातल्या दुकानात तो मिळत नाही. मात्र त्याचे रबर फार सावकाश झिजते. माझ्या मागच्या टायरवरच्या खाचा एवढ्या वापरानंतरही स्पष्ट आहेत. दोन्ही टायर एकदम घेणे परवडत नसेल, तर पहिला मागच्या चाकाला घ्यावा, कारण सामानाचे बहुतेक ओझे त्या चाकावर येते आणि तेच चाक काढणे-बसवणे अधिक कटकटीचे असते. मागवण्यापूर्वी सध्याच्या टायरच्या साइडवॉलवर कोरलेला आकडा पाहावा. ७०० गुणिले ३५ च्या मॅरेथॉन प्लसवर ३७-६२२ असे छापलेले असते आणि त्यातला ६२२ हा रिमचा व्यास जुळला तरच टायर बसतो. मडगार्ड लावलेले असतील तर टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटभर जागा उरते का, हेही मोजून घ्यावे, कारण मुरमाड रस्त्यावर टायरला चिकटून आलेला खडा तेथे अडकला तर चाक जागच्या जागी थांबते.